एस्सिटॅलोप्रॅम

नैराश्य व चिंताविकारांवर दिले जाणारे, निवडक सेरोटोनिन पुनर्ग्रहण रोधक गटातील औषध. सिटॅलोप्रॅम या जुन्या औषधात आरशातल्या प्रतिबिंबासारखे दोन रेणू निम्मेनिम्मे असतात. त्यांपैकी मुख्यतः परिणामकारक असलेला रेणू वेगळा काढून डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीने हे औषध आणले. अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली.

चेतापेशीने सोडलेले सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन एक वाहक प्रथिन पुन्हा त्याच पेशीत ओढून घेते. एस्सिटॅलोप्रॅम हा वाहक अडवते, तेही पहिल्या गोळीपासून. तरी गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सेरोटोनिन वाढताच ते सोडणाऱ्या पेशींवरचे स्वयंग्राही (पेशीने स्वतः सोडलेले सेरोटोनिन टिपणारी प्रथिने) त्या पेशींनाच आवर घालतात, आणि हा आवर हळूहळू सैल होतो, हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण. पण ते पुरेसे नाही. ‘सेरोटोनिन कमी पडले म्हणून नैराश्य’ हे समीकरण तर सिद्धच झालेले नाही.

सुरुवात ५ किंवा १० मिग्रॅ.ने होते. कमाल मात्रा २० मिग्रॅ., वृद्धांत १०. त्यापुढे हृदयाच्या तालात बिघाड होण्याचा धोका वाढतो. मळमळ, बेचैनी, झोप उडणे हे त्रास पहिल्याच आठवड्यात होतात आणि गुण मागाहून येतो, म्हणून अनेक जण इथेच गोळी सोडतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत याच काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. घरच्यांनी लक्ष ठेवावे आणि तसे जाणवताच डॉक्टरांना गाठावे. कामेच्छा कमी होणे, वीर्यस्खलनास उशीर लागणे या तक्रारी रुग्ण आपणहून क्वचितच सांगतात, त्या विचाराव्या लागतात. वृद्धांत, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, रक्तातील सोडियम उतरू शकते. अशा वेळी बोलण्यातला गोंधळ किंवा तोल जाणे वयावर न ढकलता सोडियम तपासावे. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल जोडल्यास थरथर, घाम, ताप असा सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकासोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. पूर्वी उन्मादाचा (मेनिया: मनाची अतिउत्तेजित अवस्था) झटका येऊन गेला असल्यास हे औषध एकटे देऊ नये.

बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवतात. एकदम थांबवल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास होतात. औषध सोडताना एक दिवसाआड गोळी घेण्याची रीतही बरी नव्हे: रक्तातील औषध सुमारे ३० तासांत निम्मे होते, त्यामुळे पातळी सारखी वरखाली होते. रोज घ्यावे, पण मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी. थांबवल्याचे त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतात. आठवड्यांनंतर हळूहळू परतलेली उदासी मात्र मूळ आजाराची असू शकते.