टीएसएच वाढला म्हणजे नेमकं काय वाढलं?

मोबाइलवर रिपोर्ट येतो. टीएसएचसमोर ६.८ हा आकडा ठळक छापलेला असतो आणि घरात लगेच बोलणं सुरू होतं, ‘थायरॉइड वाढलाय.’ प्रत्यक्षात बहुतेक वेळा झालेलं असतं ते याच्या उलट. टीएसएच हा थायरॉइड ग्रंथीचा हार्मोन नाहीच. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली आणि तिचा मुख्य हार्मोन टी-४ रक्तात घसरला, की पिट्यूटरी जास्त टीएसएच सोडून तिला कामाला लावू पाहते. म्हणजे टीएसएच वर गेला तर हार्मोन कमी पडतोय, आणि अगदी तळाला गेला तर हार्मोन जास्त झालाय.

मग सरळ टी-४च का बघत नाहीत? कारण पिट्यूटरी फार संवेदनशील असते. फ्री टी-४, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेला मोकळा टी-४, निम्म्यावर आला तर टीएसएच सुमारे शंभर पटींनी वाढू शकतो. शिवाय प्रत्येकाच्या शरीराची टी-४ची स्वतःची एक पातळी असते आणि ती लॅबने छापलेल्या पट्ट्यापेक्षा बरीच अरुंद असते. तुमचा टी-४ छापील मर्यादेत असूनही तुमच्यासाठी कमी असू शकतो, आणि हे सगळ्यांत आधी पिट्यूटरीला कळतं. रक्तातले इतके सूक्ष्म हार्मोन मोजण्याची पद्धत रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनसाठी शोधली. यॅलो यांना त्यासाठी १९७७ मध्ये नोबेल मिळालं. या पद्धतीने टीएसएच मोजता येऊ लागला, तेव्हा थायरॉइड मंदावलेल्या अनेक रुग्णांना टी-४च्या गोळीचा (थायरॉक्सिन) गरजेपेक्षा बराच जास्त डोस दिला जातोय हे लक्षात आलं आणि डोस खाली आले. आज अनेकदा २५ किंवा ५० मायक्रोग्रॅमच्या गोळीने सुरुवात होते आणि पुढचा डोस या चाचणीवरून ठरतो.

पण टीएसएच सावकाश हलतो, आणि माझ्या मते रुग्णांची सर्वांत जास्त ओढाताण इथेच होते. गोळीतल्या टी-४चं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. ५० ची गोळी ७५ केली आणि पंधरा दिवसांत पुन्हा रक्त दिलं, तर त्या रिपोर्टवर नव्या डोसचा निवाडा करता येत नाही. तरीही तो पाहून पुन्हा डोस बदलला, की पुढचे तीन-चार महिने आकडे नुसते वर-खाली होत राहतात. सहा ते आठ आठवडे थांबणं हा उपचाराचाच भाग आहे.

या संथपणामुळे आणखी एक गोष्ट उघडी पडते. महिनाभर गोळ्या अधूनमधून चुकल्या आणि तपासणीच्या आधीचे चार दिवस मात्र नेमाने घेतल्या, तर फ्री टी-४ चांगला येतो, पण टीएसएच चढलेलाच राहतो. असा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी ‘गोळ्या चुकतात का?’ असं विचारलं, तर मोकळेपणाने खरं सांगा. नाही तर विनाकारण डोस वाढेल, आणि तो जास्त झाला तर, विशेषतः उतारवयात, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो. गोळी रोज घेऊनही आकडा चढत असेल, तर ती कशाबरोबर घेतली जाते ते पाहा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिचं शोषण अडवतात, म्हणून मध्ये चार तासांचं अंतर हवं. चहा-नाश्ताही गोळीनंतर अर्धा ते एक तासाने.

टीएसएच रात्री वाढतो आणि दुपारी उतरतो. म्हणून दरवेळी सकाळी, शक्यतो एकाच लॅबमध्ये रक्त द्यावं. गोळी रक्त दिल्यावर घेतलेली बरी, कारण ती घेतल्यावर काही तास फ्री टी-४ थोडा चढलेला असतो.

केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं. थायरॉइड कमी झाला की केस गळतात, केस गळतात म्हणून बायोटिन सुरू होतं, आणि अनेक लॅबच्या चाचण्यांमध्ये बायोटिनचाच वापर केलेला असल्यामुळे तपासणीचं गणित बिघडतं. टीएसएच खोटा कमी दिसतो, फ्री टी-४ खोटा जास्त. शरीराची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, आणि या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम असतात. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी त्या बंद ठेवाव्यात आणि घेत असल्याचं डॉक्टरांना सांगावं.

काही वेळा नेहमीचे पट्टे लागूच पडत नाहीत. गरोदरपणात हार्मोन वाहून नेणारं प्रथिन वाढतं, त्यामुळे एकूण टी-४ आणि टी-३ (थायरॉइडचा दुसरा हार्मोन) चढलेले दिसतात. ज्या बाईची गोळी आधीपासून चालू आहे तिला मात्र बहुधा डोस वाढवावा लागतो. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना कळवायचं, पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही. थायरॉइड जास्त असण्यावर उपचार घेणाऱ्यांचा टीएसएच, हार्मोन ताळ्यावर आल्यावरही काही आठवडे ते महिने दबलेला राहू शकतो. त्या काळात फ्री टी-४ आणि टी-३ यांवरच भिस्त ठेवावी लागते. आणि गोळी चालू नसताना पहिल्यांदाच टीएसएच ४ ते १०च्या दरम्यान आला, फ्री टी-४ ठीक असला, तर बहुतेकांनी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मगच ठरवावं. अनेकांचा तो आपोआप खाली येतो. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल, तर मात्र इतकं थांबू नये.

अँटी-टीपीओ ही थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीची चाचणी आजार ऑटोइम्यून आहे का, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करतेय का, हे सांगते. ती एकदा पॉझिटिव्ह आली की डोस ठरवायला तिचा उपयोग नसतो, त्यामुळे दरवेळच्या तपासणीत ती पुन्हा करण्याचा खर्च टाळता येतो.