उद्धरणं जास्त म्हणजे संशोधन खरं?

जळगाव-धुळ्याकडे मोठ्या आजाराचा डॉक्टर शोधताना एक समज हमखास ऐकू येतो: ज्याचे शोधनिबंध जास्त उद्धृत झाले, त्याचं म्हणणं पक्कं. तसं नसतं.

उद्धरण म्हणजे दुसऱ्या संशोधकाने दिलेला संदर्भ, मग तो पाठिंब्यासाठी असो की खोडून काढण्यासाठी. मोजणीत दोन्ही सारखेच. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या निबंधाने अवघ्या १२ मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध स्वमग्नतेशी सुचवला. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. तरी त्याची उद्धरणं हजारांत आहेत, त्यातली कितीतरी त्याची चूक दाखवणारी. त्या भीतीपायी आजही आईबाप लस टाळतात, याची मला खरोखर चीड येते.

उद्धरणांवरून संशोधकाचं वजन मोजणाऱ्या एच-इंडेक्स या आकड्याचंही तेच. भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये हे माप सुचवलं. एच-इंडेक्स २० म्हणजे प्रत्येकी किमान २० वेळा उद्धृत झालेले २० निबंध. वयाबरोबर तो वाढतो, विषय लहान असला की लहान राहतो. धडगाव-अक्कलकुव्यातल्या सिकलसेल या रक्ताच्या आजारावर लिहिणाऱ्याला कर्करोगावर लिहिणाऱ्याइतके वाचक कुठून मिळणार?

निबंध मागे घेतला गेलाय का, हे मात्र पबमेड या वैद्यकीय निबंधांची सूची देणाऱ्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं.