पाणी न पिणारं कापड

मामांची होडी करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यावर असते. तिथल्या बहुतेक होड्यांत कार्पेट हा प्रकार नसतोच. चिलापीचं जाळं ओढणाऱ्याला उघडी फळी किंवा पत्राच बरा, बादलीभर पाणी मारलं की काम झालं. पण ही होडी हौशी माणसाची. फायबरची, वीसेक वर्षांची, मुंबईकडून कुणाकडून तरी घेतलेली, आणि आत तळभर राखाडी कार्पेट चिकटवलेलं. अमेरिकेत गळ टाकून मासे धरणाऱ्यांच्या होड्यांत ही रीत सर्रास आहे. पाय घसरत नाही, उन्हात तळ पोळत नाही आणि हातातून डबा निसटला तरी आवाज दबतो. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने, सेकंदाला सुमारे १,४८० मीटर, पळतो. त्यामुळे होडीतली ठकठक माशांना पत्ता दिल्यासारखीच.

यंदा ते कार्पेट विरून गेलं म्हणून मामांनी एक कोपरा उचकटला. खाली प्लायवुड होतं, निदान असायला हवं होतं. सुताराने पटाशी टेकवली तर ती ओल्या पावात शिरावी तशी आत गेली. लाकूड तपकिरी पडलेलं, चौकोनी भेगा गेलेल्या, बोटात चुरलं की भुगा.

"धरणाचं पाणी झिरपलं असणार," मामा म्हणाले. मला ते पटेना. होडीचा फायबरचा तळ शाबूत होता, कुठे चीर नव्हती. पाणी खालून आलंच नव्हतं, वरून आलं होतं. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्याला कोण दोष देणार? पण किती पाणी पडलं यापेक्षा ते किती दिवस टिकलं, हा हिशेब महत्त्वाचा असतो.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला अन्न, ऊब, हवा आणि ओल ही चारही लागतात. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांखाली असेल तर बुरशीचं काही चालत नाही. ती तीस टक्क्यांच्या आसपास गेली की लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने तुडुंब होतात आणि बुरशीची चैन सुरू होते. तपकिरी कूज आणणारी बुरशी लाकडातलं सेल्युलोज, म्हणजे त्याचे तंतू, खाते आणि ते तंतू बांधून ठेवणारं तपकिरी लिग्निन बरंचसं मागे ठेवते, म्हणून तो रंग आणि त्या चौकोनी भेगा. गंमत म्हणजे कायम पाण्याखाली बुडालेलं लाकूड सहसा असं कुजत नाही, कारण तिथे हवा पुरत नाही. खारं पाणीही बुरशीला फारसं मानवत नाही. पावसाचं गोडं पाणी, वरून झाकण आणि खाली हवेची फट: मामांच्या होडीत बुरशीची अगदी शाही बडदास्त होती.

मग नवं काय अंथरायचं? मामांचं उत्तर तयार होतं. "सोलापुरात राहून कापड बाहेरून आणायचं होय? पूर्व भागातनं चांगली जाड सतरंजी आणू की."

इथे मला आपल्याच गावच्या मालाविरुद्ध बोलावं लागलं. सोलापुरी टेरी टॉवेलचं नाव झालं ते तो पाणी पितो म्हणून. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याच्या लांबलचक रेणूंवर ठिकठिकाणी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात आणि त्या पाण्याच्या रेणूला हात देऊन धरून ठेवतात. मोजमापाच्या प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेला, नुसता ठेवलेला कोरडा कापूससुद्धा वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल बाळगतो. लोकर तर सोळाच्या आसपास. शिवाय सेल्युलोज हेच बुरशीचं जेवण. होडीत सुती सतरंजी चिकटवणं म्हणजे लाकडाच्या ताटावर आणखी एक पोळी वाढणं.

होडीचं कार्पेट बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे खताची पोती विणतात त्याच प्लास्टिकचं असतं. इटलीच्या जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये या रेणूची शिस्तशीर साखळी घडवली. त्याला लागणारा उत्प्रेरक जर्मनीच्या कार्ल झिग्लर यांच्या कामातून आला, आणि दोघांना १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या साखळीत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. पाण्याला हात द्यायला कुणीच नाही, त्यामुळे धाग्याच्या पोटात ओल जवळजवळ शून्य. घरी करून बघा: खताच्या पोत्याचा एक धागा आणि टॉवेलचा एक धागा पाण्यात टाका, बोटाने दाबून बुडवा. टॉवेलचा भिजून तळाला बसतो. पोत्याचा वर येतो, कारण पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ च्या आसपास, पाण्याहून कमी.

याचा अर्थ असं कार्पेट भिजत नाही असा नाही. दोन धाग्यांमधल्या फटीत पाणी अडकतंच. पण ते धाग्याबाहेरचं पाणी असतं. निथळतं, वारं लागलं की उडून जातं. कापसाच्या पोटातलं इतक्या सहजी निघत नाही.

जे पाणी पीत नाही ते रंगही पीत नाही, ही अडचण रंगारी माणसाच्या लगेच ध्यानात येईल. म्हणून पॉलिप्रॉपिलीनचा रंग धागा ओढण्याआधीच वितळलेल्या प्लास्टिकमध्ये कालवतात. रंग आरपार जातो आणि धुऊन निघत नाही.

ऊन मात्र त्याचा खरा वैरी. खताचं पोतं एक उन्हाळाभर गच्चीवर राहिलं की हात लावताच त्याचा भुगा होतो, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत आहे. अतिनील किरणांमुळे साखळीतल्या कच्च्या जागी हायड्रोजन सुटतो, तिथे हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि साखळी तुकड्या-तुकड्यांनी तुटत जाते. बाहेर वापरायच्या कार्पेटात हे रोखणारी रसायनं घातलेली असतात. दुकानात जाडी, लव, रंग सगळं बघा. पण पहिला प्रश्न याच रसायनांचा विचारा. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात होडी टाकून ठेवायची असेल तर स्वस्त घरगुती कार्पेट घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. रबराचा जाड थर खाली लावलेलंही नको, तो पाणी कोंडतो.

प्लायवुड आम्ही सागरी प्रतीचं, आयएस ७१० या भारतीय मानकाचा छाप असलेलं घेतलं. त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास पाण्यात उकळतात आणि थर सुटतात का ते बघतात. पण या चाचणीतून कळतं ते सरसाचं. लाकूड शेवटी लाकूडच. कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं इपॉक्सीने बुजवली नाहीत तर पाणी तिथूनच शिरतं. ॲल्युमिनियमच्या होडीला आणखी एक पथ्य: तांब्याचे क्षार पाजलेलं लाकूड तिला टेकू द्यायचं नाही. ओल आली की तांबं ॲल्युमिनियमला खाऊन पत्र्याला भोकं पाडतं.

चिकटवायला निओप्रीनचा, म्हणजे कृत्रिम रबराचा सरस. तो दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला लागेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा आणि मगच दाबायचा. द्रावक उडून गेला की दोन्ही थरांतल्या साखळ्या एकमेकींत गुंततात. घाई केली तर द्रावक आत कोंडून फुगे येतात. भर उन्हात वरचा पापुद्रा आधीच वाळतो आणि पकड हुकते, म्हणून आम्ही पहाटे कामाला लागलो. उघड्यावर, कारण त्याची वाफ डोक्यात जाते. सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला ठेवली, नाहीतर मखमलीसारखी दोन छटांची दिसते.

इतकं सगळं सांभाळलं आणि चुकलो ते झाकणात. सामानाच्या कप्प्याची फळी जुन्या मापानेच कापली होती, नवं कार्पेट जुन्याहून जाड, आणि ते चारी कडांवरून खाली वळवलेलं. झाकण बसेचना. मामांनी काही न बोलता कार्पेट सोलून काढलं, सुताराने कडेवर रंधा मारला आणि आदल्या दिवशी बुजवलेली कड पुन्हा उघडी पडली. इपॉक्सीचा डबा रिकामा झाला होता. तो आणायला मी दुपारच्या एसटीने परत सोलापूरला.