द्राक्षं, चिंच आणि कुत्र्याची किडनी

फेब्रुवारी लागला की जांभळी नाक्यापासून गावदेवी मार्केटपर्यंत हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग दिसायला लागतात. नाशिकची हिरवी, सांगली-तासगावकडची लांबट सोनाका, काळीभोर शरद. वाशीच्या फळबाजारातून पहाटे निघालेल्या पेट्या सकाळी ठाण्यात पोचलेल्या असतात. याच दिवसांत उपवन तलावाकाठी किंवा घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये कुत्री फिरवायला आलेल्यांच्या घोळक्यात एक प्रश्न हमखास निघतो: याला द्राक्षं दिली तर चालतात का?

नाही चालत. एखाद-दुसरं म्हणूनसुद्धा देऊ नये. मनुका आणि बेदाणे तर मुळीच नाहीत.

हे सांगितलं की घोळक्यातलं कुणीतरी म्हणतंच, "अहो, आमचा तर दरवर्षी खातो. काही झालं नाही त्याला." ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या कुत्र्याला खरंच काही झालेलं नसतं. पण त्याच गाडीवरची तेवढीच द्राक्षं खाऊन दुसऱ्या कुत्र्याच्या किडन्या तीन दिवसांत बंद पडू शकतात. एकाला काही होत नाही आणि दुसरा दगावतो, या कोड्यानेच पशुवैद्यकांना वीसएक वर्षं झुलवलं. त्याचा उलगडा गेल्या काही वर्षांत व्हायला लागला आहे, आणि त्याचा धागा थेट आपल्या स्वयंपाकघरातल्या चिंचेपर्यंत येतो.

द्राक्षं कुत्र्याला घातक ठरू शकतात हे ज्ञान तसं ताजं आहे. अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेचं प्राण्यांच्या विषबाधेविषयी सल्ला देणारं केंद्र आहे. तिथे फोनवर आलेल्या तक्रारींच्या नोंदी १९९० च्या दशकाच्या अखेरीस चाळताना डॉक्टरांना दिसलं की किडनी निकामी झालेल्या काही कुत्र्यांमध्ये एकच गोष्ट समान आहे. त्यांनी त्याआधी द्राक्षं किंवा मनुका खाल्ल्या होत्या. २००१ साली अशा दहा कुत्र्यांची माहिती अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात पत्ररूपाने छापून आली. मग २००५ मध्ये ४३ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. द्राक्षं किंवा मनुका खाल्ल्यावर किडनी निकामी झालेली ही कुत्री होती. त्या सगळ्यांना उलट्या झाल्या होत्या, आणि त्यांतली २३ वाचली. किडनीपर्यंत प्रकरण गेलं तर जवळजवळ निम्मी जातात, असा त्याचा अर्थ. मला हा आकडा फार अस्वस्थ करतो, कारण यातल्या बहुतेक कुत्र्यांना ते फळ कुणीतरी प्रेमानेच दिलेलं असणार.

पण द्राक्षात असं असतं तरी काय? आधी संशय कीटकनाशकांवर गेला, पण फवारणी न केलेल्या घरच्या वेलीवरची द्राक्षं खाऊनही कुत्री आजारी पडत होती. बुरशीच्या विषावर गेला, पण चांगल्या ताज्या फळांतही तोच त्रास. जड धातू, टॅनिन, साखर असे एकेक संशयित तपासून सोडून द्यावे लागले. बी असलेलं-नसलेलं, हिरवं-काळं, ताजं-वाळवलेलं, कशानेही फरक पडेना.

कोडं सुटायला सुरुवात झाली ती एका लहान मुलांच्या खेळण्यावरून. घरी मळलेला, रंगीत, मऊ मातीसारखा गोळा एका कुत्र्याने खाल्ला. त्याला भयंकर उलट्या झाल्या आणि किडन्या निकामी झाल्या. लक्षणं हुबेहूब द्राक्षबाधेची, पण द्राक्षाचा कुठे पत्ता नाही. त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर घातलेलं होतं. घरी केक करणाऱ्यांना ही पांढरी पूड ओळखीची असते. ती म्हणजे टार्टरिक आम्लाचा पोटॅशियम क्षार, आणि वाइन तयार होताना पिंपाच्या तळाशी साचतो तो हाच. एएसपीसीएच्याच डॉक्टरांनी मग सांगड घातली. टार्टरिक आम्ल द्राक्षात भरपूर असतं, आणि इतर बहुतेक फळांत ते नसल्यातच जमा. आंब्यात, संत्र्यात मुख्यतः सायट्रिक, सफरचंदात मॅलिक. ती फळं कुत्री सुखाने पचवतात. २०२१ मध्ये त्यांनी हा तर्क जाहीरपणे मांडला.

या आम्लाचा विज्ञानाशी संबंध जुना आहे. १७६९ साली स्वीडनच्या कार्ल शीले याने ते वेगळं काढलं. १८४८ मध्ये पंचविशीतल्या लुई पाश्चरने याच आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली चिमट्याने निवडून दोन ढीग केले, डाव्या हाताचे आणि उजव्या हाताचे, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले. रेणूंना त्रिमितीत आकार असतो हे रसायनशास्त्राला त्यातून कळायला लागलं. इतका अभ्यास झालेलं आम्ल, पण कुत्र्याच्या पोटात जाऊन ते काय करतं याकडे लक्ष जायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

आणि इथे चिंच येते. चिंचेच्या गरात टार्टरिक आम्ल ८ ते १८ टक्के असतं. द्राक्षात ते एखाद-दोन टक्क्यांच्या आतबाहेर. तर्क खरा असेल तर चिंच खाल्लेल्या कुत्र्यालाही तोच त्रास व्हायला हवा. नोंदी तपासल्यावर तशी प्रकरणं सापडली, आणि क्रीम ऑफ टार्टर व चिंच या दोन्हींमुळे झालेल्या किडनीच्या इजेचा वृत्तांत २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग आपण चिंचेचं सार ओरपतो, द्राक्षांचा घड बसल्या बैठकीला संपवतो, ते कसं? माणसाच्या पोटात गेलेल्या टार्टरिक आम्लाचा बराचसा भाग आतड्यातले जीवाणूच फस्त करतात, रक्तात थोडंच उतरतं. कुत्र्यात ते रक्तात मोठ्या प्रमाणात जातं आणि बाहेर पडायला किडनीकडे येतं. किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशींना असे पदार्थ रक्तातून आत ओढून पलीकडे लघवीत सोडायचे असतात. त्यासाठी पेशीच्या भिंतीत वाहक प्रथिनं असतात, काही आत घेणारी, काही बाहेर टाकणारी. कुत्र्याच्या पेशीत बाहेर टाकणारं एक प्रथिन कमी पडतं असा संशोधकांचा कयास आहे. संध्याकाळच्या लोकलच्या डब्यात लोक चढतच राहिले आणि उतरायचं दार मात्र उघडलंच नाही, तर आत जे होईल ते त्या पेशीचं होतं. आम्ल साचत जातं आणि पेशी मरतात. २०२३ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर हे तपासलं गेलं. टार्टरिक आम्लाने कुत्र्याच्या किडनीच्या पेशी मेल्या, माणसाच्या तगल्या. आणि आत घेणारा मार्ग प्रोबेनेसिड या जुन्या औषधाने अडवला, तर कुत्र्याच्या पेशीही वाचल्या. हे बशीतल्या पेशींचं झालं. जिवंत कुत्र्यासाठी हे औषध म्हणून अजून रुळलेलं नाही, त्यामुळे कुणी दुकानातून आणून देऊ नये.

आता त्या "काही झालं नाही"कडे येऊ. द्राक्षातलं टार्टरिक आम्ल ठरलेलं नसतं. वाण बदलला की बदलतं, हवामानाने बदलतं, आणि सर्वांत जास्त बदलतं ते पिकण्याने. घड तयार होत जातो तसं दाण्यात पाणी आणि साखर भरते, आम्लाचं प्रमाण उतरतं. हंगामाच्या सुरुवातीची दात आंबवणारी द्राक्षं आणि मार्चअखेरची मधासारखी गोड द्राक्षं, यांत मोठा फरक असू शकतो. त्यातून प्रत्येक कुत्र्याचं शरीर वेगळं. मागच्या वर्षी निभावलं ते त्या वेळच्या घडावर. यंदाचा घड वेगळा आहे.

म्हणूनच सुरक्षित मात्रा अशी ठरवता आलेली नाही. ज्यावर किडनीला इजा झाली अशी नोंदलेली सर्वांत कमी मात्रा सांगायची तर द्राक्षांची दर किलो वजनामागे साधारण २० ग्रॅम, आणि मनुकांची २.८ ग्रॅम. ठाण्याच्या फ्लॅटांतून घरोघरी दिसणारा पॉमेरेनियन किंवा शित्झू घ्या, वजन चार किलो. त्याला इजा व्हायला पंधरा-सोळा द्राक्षं किंवा अकरा ग्रॅम बेदाणे पुरू शकतात. अकरा ग्रॅम म्हणजे वीस-बावीस दाणे, लहान मुलाच्या मुठीत मावतील इतके. चार किलो द्राक्षं वाळवली की जेमतेम किलोभर बेदाणा होतो. पाणी उडतं, आम्ल मागे राहतं.

द्राक्षांपेक्षा मला बेदाण्याची भीती जास्त वाटते ती यामुळेच. द्राक्षाचा घड डोळ्यांना दिसतो, बेदाणे लपून येतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यात, डिंकाच्या लाडवात, दिवाळीत भेट आलेल्या सुक्या मेव्याच्या डब्यात, नाताळच्या केकमध्ये. सोसायटीत पूजा झाली की पातेल्यात उरलेला शिरा गेटजवळच्या कुत्र्यांना घालायची आपल्याकडे पद्धत आहे. भावना चांगलीच आहे, पण पातेल्याच्या तळाशी बेदाणे गोळा झालेले असतात, आणि त्या कुत्र्याने दोन दिवसांनी खाणं सोडलं तर त्याला दवाखान्यात कोण नेणार? घालायचंच असेल तर साधा दहीभात घाला.

बऱ्याच घरी कुत्र्याला आमटीभात असतो, त्यांना चिंचेचं वाचून धसका बसला असेल. ढोबळ हिशेब करून पाहू. चार माणसांच्या आमटीत सुपारीएवढी, म्हणजे दहाएक ग्रॅम चिंच पडते. तिच्यात साधारण एक ग्रॅम टार्टरिक आम्ल. कुत्र्याच्या भातावर पळीभर आमटी गेली तर त्याच्या वाट्याला दशांश ग्रॅमच्या आसपास. एखाद्या दिवशी गेलं म्हणून रात्र जागून काढायची गरज नाही. रोज मात्र चिंच घालण्याआधीची साधी डाळ बाजूला काढावी, त्यात कांदा-लसूणही नको, कारण त्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. आणि चिंचेचा गोळा, भेळेच्या चटणीची वाटी, कोळ काढून उरलेला चोथा या गोष्टी कुत्र्याच्या तोंडाला लागतील अशा ठेवूच नयेत.

समजा खाल्लंच, तर उलटी होण्याची वाट पाहत बसू नका. उलट्या बहुधा पहिल्या चोवीस तासांत सुरू होतात. मग मरगळ, अन्नावरची वासना उडणं, पोट दुखणं, जुलाब. किडनीचा त्रास एक ते तीन दिवसांत दिसतो आणि लघवी कमी होत जाते. लघवी पूर्ण थांबली तर वाचण्याची आशा फार थोडी उरते. म्हणून कुत्रा शेपूट हलवत असतानाच डॉक्टरांना फोन करायचा. द्राक्षं पोटात बराच वेळ तशीच राहतात, त्यामुळे दोन-चार तास उलटले तरी दवाखान्यात इंजेक्शनने उलटी करवून ती बाहेर काढता येतात. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा उपाय अजूनही सांगितला जातो. तो कृपा करून करू नका. रक्तातलं सोडियम एकदम वाढून कुत्रा त्यानेच दगावू शकतो. दूध, तूप, ताक यांचाही उपयोग नाही.

डॉक्टरांना तीन गोष्टी लागतील: कुत्र्याचं वजन, अंदाजे किती खाल्लं, आणि कधी. बेदाण्याचं पाकीट असेल तर ते सोबत न्या, उरलेल्यावरून गेलेल्याचा हिशेब लागतो. त्यानंतर बहुधा दोन दिवस सलाइन, आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ, पुन्हा पुन्हा तपासणं. पहिला अहवाल चांगला आला म्हणून घरी निघून येऊ नका. क्रिएटिनिन चढायला वेळ लागतो, त्यामुळे तिसऱ्या दिवसापर्यंतची तपासणी चुकवू नये.