पाटी बदलली का कचेरी बदलली? ग्रॅम्प्समधे बेळगाव भरताना होणारा घोळ

दिवाळीत आत्ती आलेली, तिला मोठ्या कौतुकानं लॅपटॉपवर आमची वंशावळ दाखवायला बसलो. स्वतःचं नाव सापडल्यावर आत्ती खूश, मग चष्मा जरा वर सरकवला, नावाखालची ओळ वाचली आणि म्हणाली, "हे काय गा, मी कर्नाटकात कधी जन्मले?"

आत्तीचा जन्म १९५२ चा, चंदगडचा. आणि स्क्रीनवर ठळक लिहिलेलं, चंदगड, बेळगाव जिल्हा, कर्नाटक. एका ओळीत दोन घोडचुका. १९५२ ला कर्नाटक नावाचं राज्यच नव्हतं आणि चंदगड तर तिकडं कधी गेलंच नाही. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घातला तेव्हा चंदगड तालुका तेवढा वगळून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला, हे आमच्याकडं शाळेतल्या पोराला पण माहीत असतं, पण माझ्या कॉम्प्युटरला माहीत नव्हतं कारण मीच त्याला चुकीचं सांगितलेलं.

मी वापरतो ग्रॅम्प्स, वंशावळ ठेवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज लिनक्स मॅक सगळीकडं चालतं. त्यात माणसांसारखीच गावांची पण वेगळी नोंद असते, म्हणजे चंदगड एकदाच भरायचं आणि मग तिथं जन्मलेले, लग्न झालेले, वारलेले सगळे त्या एकाच नोंदीला जोडायचे. आता गावाची नोंद उघडली की खाली टॅबची रांग दिसते, त्यात दोन टॅब असे आहेत की नवा माणूस हमखास गोंधळतो. एक 'एन्क्लोज्ड बाय' आणि दुसरा 'अल्टरनेटिव्ह नेम्स'. दोन्हीत यादी करता येते, दोन्हीत तारीख घालता येते, आणि दोन्ही बघितल्यावर वाटतं की पूर्वी काहीतरी वेगळं होतं ते इथं लिहायचं असेल. मी पण तसंच समजून जिथं मनात आलं तिथं भरत गेलो.

फरक आता मी असा लक्षात ठेवतो. अल्टरनेटिव्ह नेम्स म्हणजे पाटी. एस्टी स्टँडवर, स्टेशनवर गावाचं जे नाव लिहिलंय ते. एन्क्लोज्ड बाय म्हणजे कचेरी. दाखला काढायला, जमिनीच्या कामाला कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं ते. पाटी बदलली तर गाव तिथंच, मालक तोच, फक्त रंगाऱ्याला काम मिळालं. कचेरी बदलली तर पाटी तीच राहू शकते पण वरचा साहेब बदलला.

आता हे ऐकायला एकदम सोपं वाटतं, मग आपल्याच भागात लोक का चुकतात? माझ्या मते त्याचं कारण एक नोव्हेंबर. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातला. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. आणि १ नोव्हेंबर २०१४ ला बेंगळुरू, म्हैसूरू, हुब्बळ्ळी अशी बारा शहरांची नावं बदलली, त्यातच बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. तिन्ही बदल एकाच तारखेचे, आणि त्याच दिवशी गावात एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक नि दुसऱ्या बाजूला काळ्या दिवसाची फेरी, त्यामुळं डोक्यात सगळ्याचा एकच गठ्ठा होऊन बसलाय. पण ग्रॅम्प्सच्या हिशोबानं हे तीन बदल एका जातीचे नाहीत. १९५६ ला कचेरी बदलली. १९७३ ला पाटी बदलली, ती पण आपल्या गावाची नाही, राज्याची. २०१४ ला परत पाटी, यावेळी शहराची.

मी काय केलेलं सांगतो. मी 'म्हैसूर राज्य' अशी एक नोंद केली आणि 'कर्नाटक' अशी दुसरी, आणि मग खानापूर, नंदगड, येळ्ळूर, संकेश्वर, हुक्केरी करत एकेका गावात जाऊन एन्क्लोज्ड बायमधे तीन तीन ओळी भरल्या, ५६ पर्यंत मुंबई, मग ७३ पर्यंत म्हैसूर, मग कर्नाटक. तीन रात्री गेल्या. बायको म्हणाली, गावं मोजायला तलाठ्याची नोकरी लागली काय. आणि एवढं करून जिल्हा, तालुका मधनं गायबच, कारण गाव थेट राज्यालाच चिकटवलेलं.

खरं तर यातली एकही ओळ गावात भरायची गरज नव्हती. ग्रॅम्प्स साखळीनं चालतं. गाव तालुक्यात, तालुका जिल्ह्यात, जिल्हा राज्यात, राज्य देशात. जन्माची तारीख घेऊन ते खालून वर एकेक पायरी चढत जातं आणि प्रत्येक पायरीवर विचारतं, या तारखेला तू कुणाखाली होतीस आणि तुझं नाव काय होतं. म्हणजे १९५६ चा बदल फक्त एका ठिकाणी भरायचा, बेळगाव जिल्ह्याच्या नोंदीत. तिथं एन्क्लोज्ड बायमधे दोन ओळी, एक मुंबई राज्य, १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी, दुसरी म्हैसूर राज्य, त्यानंतर. झालं, खालची सगळी गावं आपोआप सुधारतात. आणि १९७३ चा बदल तर जिल्ह्यात पण नाही, राज्याच्या नोंदीत, नावांमधे. एकच नोंद, तिला दोन नावं, ३१ ऑक्टोबर १९७३ पर्यंत म्हैसूर आणि पुढं कर्नाटक.

इथं तारखेची एक बारीक मेख आहे. 'आफ्टर १ नोव्हेंबर' असं लिहिलं तर तो दिवस धरला जात नाही, दुसऱ्या दिवसापासनं चालू होतं. म्हणून मी 'आफ्टर ३१ ऑक्टोबर' लिहितो. आणि नुसतं '१९५६' एवढंच साल असलेला जन्म असेल तर ग्रॅम्प्स तो वर्षाच्या सुरुवातीचा धरतं म्हणजे मुंबई राज्यात टाकतं, दहा महिने मुंबईचेच होते तेव्हा चालून जातं, पण डिसेंबरातला जन्म आहे हे माहीत असेल तर महिना तरी घाला.

याहून मोठी मेख म्हणजे तारीख न घातलेली ओळ. रिकामी तारीख म्हणजे 'माहीत नाही' असं आपल्याला वाटतं, ग्रॅम्प्सला वाटतं 'कायमचं'. ते वरून खाली ओळी बघत येतं आणि पहिली जुळणारी उचलतं, आणि बिनतारखेची ओळ तर कशालाही जुळते. तशी ओळ वर बसली असेल तर खालच्या ओळींना कितीही तारखा घाला, त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघणार नाही. नावांचं पण तेच. वरच्या चौकटीत लिहिलेलं मुख्य नाव यादीत पहिलं धरतात, म्हणून त्याला पण तारीख लागते, त्याच्या शेजारी एक छोटं बटण आहे तिथनं घालायची. माझं १९५२ चं कर्नाटक तिथनंच आलेलं. आणि उलटं, सगळ्या नावांना तारखा घातल्या पण मधे फट राहिली तर त्या काळातल्या जन्माला गावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह येतं. आमच्या पणजोबांचा जन्म कितीतरी दिवस प्रश्नचिन्ह गावात झालेला.

कचेरीचं सगळ्यात भारी उदाहरण शहापूरचं. आज बेळगावात राहणाऱ्याला शहापूर म्हणजे शहरातला एक भाग, बाजार, साड्यांची दुकानं. पण ते सांगली संस्थानात होतं. बेळगाव ब्रिटिशांचं आणि शेजारचं शहापूर पटवर्धनांचं, रस्ता ओलांडला की राज्य बदललं. १९४८ ला संस्थान विलीन झालं तेव्हा ते मुंबई प्रांतात आलं. म्हणून १९३१ ला शहापुरात जन्मलेल्या माणसासमोर 'शहापूर, बेळगाव' असं लिहिणं म्हणजे त्याचा राजाच बदलण्यासारखं आहे. इथं पाटी जराही बदललेली नाही, शहापूर ते शहापूरच. नावांच्या टॅबमधे काहीच भरायचं नाही, एन्क्लोज्ड बायमधे मात्र दोन ओळी, आधी सांगली संस्थान आणि मग बेळगाव. रायबागचं पण असंच, तिथं सांगलीच्या जागी कोल्हापूर संस्थान आणि विलिनीकरण १९४९ चं. निपाणीचं साधं आहे, आधी चिकोडी तालुक्यात होती, आता स्वतःच तालुका झाली, म्हणजे मधली एक पायरी बदलली. जमखंडीवाल्यांची मात्र दया येते, आधी स्वतःचं संस्थान, मग विजापूर जिल्हा, मग १९९७ ला बागलकोट जिल्हा.

आता चंदगडकडं परत. चंदगडची ओळ तालुक्याच्या पायरीवर बदलते. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा, पुढं कोल्हापूर जिल्हा. कोल्हापूर तेव्हा मुंबई राज्यातच, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. आता ही पाटी का कचेरी? माझा पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो कचेरी, नवीन राज्य झालं, आपण हुतात्मे दिले, आणि तू त्याला नाव बदलणं म्हणतोस? त्याचं म्हणणं मनाला पटतं. पण कायदा बघितला तर गुजरात वेगळं काढलं आणि उरलेल्या मुंबई राज्याला महाराष्ट्र म्हणायचं असं ठरलं. म्हणजे गुजरातच्या गावांसाठी कचेरी बदलली, कोल्हापूरसाठी पाटी. मी एकाच नोंदीत दोन नावं ठेवलीत. भाऊ अजून बोलतो, पण कमी बोलतो.

भाषेचा घोळ वेगळाच. प्रत्येक नावाला तारखेशिवाय भाषेची पण खूण देता येते, मराठीला एमआर, कन्नडला केएन, इंग्रजीला ईएन. २०१४ च्या बदलाकडं नीट बघा. मराठीत आपण आधी बेळगाव म्हणत होतो, आता पण बेळगावच म्हणतो. कन्नड माणसं आधीपासनंच बेळगावी म्हणत होती. बदललं ते इंग्रजी स्पेलिंग. म्हणून माझ्याकडं मराठी बेळगावला तारीखच नाही, कन्नड बेळगावीला पण नाही, फक्त इंग्रजीच्या दोन ओळींना तारीख आहे. (सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा २००४ पासनं दावा चालू आहे, त्याच्या निकालाची ओळ भरायला जागा ठेवलीय एवढंच सांगतो.) आणि हो, बेळगाव शहर, बेळगाव तालुका, बेळगाव जिल्हा या तीन वेगळ्या नोंदी करा आणि प्रत्येकीला टाइप द्या. टाइपच्या यादीत 'तालुका' नाही, पण तिथं आपण टाइप करून घालू शकतो.

एवढं सगळं भरून पण काहीच बदलत नसेल तर प्रेफरन्सेसमधे जाऊन प्लेसेसचं पान बघा. तिथं ठिकाणाचं शीर्षक आपोआप तयार करायची टिक आहे, ती नसेल तर हाताने लिहिलेलं जुनं शीर्षकच दिसत राहतं आणि सगळ्या तारखा वाया. तिथंच फॉरमॅट आहे, त्यात भाषेची खूण घातली की त्या भाषेतलं नाव आधी शोधलं जातं. क्रम उलटा करायची पण सोय आहे, मी केला नाही, आपल्याला पोस्टकार्डावर मु. पो., मग ता., मग जि. असंच लिहायची सवय. अजून एक, ठिकाणांच्या यादीत आजच्या तारखेचंच नाव दिसतं. तिथं 'कर्नाटक' बघून परत दुरुस्त करायला बसू नका, मी बसलोय, चालू असलेलं मोडून ठेवलंय. तपासायचं असेल तर जन्माची किंवा लग्नाची घटना उघडून बघा.

भावाला फाइल पाठवताना मात्र वेगळीच पंचाईत झाली. त्याच्याकडं दुसरं सॉफ्टवेअर, म्हणून मी जेडकॉममधे, म्हणजे वंशावळ एका सॉफ्टवेअरमधनं दुसऱ्यात न्यायच्या फॉरमॅटमधे, काढून दिली. जेडकॉममधे ठिकाण म्हणजे स्वल्पविराम दिलेली एक सरळ ओळ, त्यात पाटी कचेरी काही नसतं, प्रत्येक घटनेच्या तारखेला जी ओळ तयार झाली तीच लिहिली जाते. त्यामुळं भावाकडं एक चंदगड जाऊन तीन चंदगड झाले, एक बेळगाव जिल्ह्यातलं, एक कोल्हापूरचं मुंबई राज्यातलं आणि एक महाराष्ट्रातलं. त्याने ती तिन्ही एकत्र करून, स्वतःच्या पाच आत्या मावश्या जोडून मला परत पाठवली, ती मी तशीच आयात केली असती तर गेलो असतो कामातनं. आता त्याच्याकडनं आलेली माणसं मी हाताने भरतो आणि स्वतःचा बॅकअप ग्रॅम्प्सच्याच एक्सएमएलमधे ठेवतो, त्यात तारखांसकट सगळं राहतं.

आत्तीला परवा फोटो काढून पाठवला. चंदगड, बेळगाव जिल्हा, मुंबई राज्य. तिच्या धाकट्या बहिणीचा जन्म त्याच घरात १९५८ चा, तिच्यापुढं आलंय चंदगड, कोल्हापूर जिल्हा, मुंबई राज्य. आत्तीचा फोन आला, म्हणाली ते बरोबर आहे, पण माझ्या आईचं नाव चुकलंय, माहेरचं नाव कुठं गेलं?

ते नावाच्या दुसऱ्या टॅबमधे आहे. त्याची भानगड अजून मला पण नीट लागलेली नाही.