हात लागला म्हणून कबुतर पिल्लू टाकत नाही

कोल्हापुरात शिवाजी पेठ असो की कसबा बावडा, कबुतरं पाळायला नवी ढाबळ (कबुतरांचं खुराडं) घातली की सल्ला येतोच: "पिल्लाला हात लावू नको, जोडी टाकून देते." हे खरं नाही. शर्यतीच्या कबुतरांना पायात कडी घालतात ती साधारण आठवड्याच्या पिल्लाला हातात धरूनच. नर-मादी पुन्हा त्याला भरवतात.

जोडी बिथरते ती रात्री मांजर-उंदरांनी घाबरवल्यावर. पण हात लावायच्या भीतीपायी नवखे पिल्लाकडे बघतच नाहीत आणि ते उपाशी मरतं, याचं फार वाईट वाटतं. रोज संध्याकाळी त्याच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी हलकेच चाचपा. रिकामी लागली तरी गाईचं दूध पाजू नका, ते पचत नाही. अंडी मात्र उगाच हाताळू नयेत. त्यांना 17-18 दिवस सलग ऊब लागते.