उडती तबकडी

उडती तबकडी : आकाशात दिसलेली, पण पाहणाऱ्याला ओळखता न आलेली वस्तू किंवा प्रकाश. ‘यूएफओ’ (अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट) ही जुनी संज्ञा. अमेरिकी सरकारी कागदपत्रांत हल्ली ‘यूएपी’ (अनआयडेंटिफाइड ॲनॉमलस फेनॉमेना) म्हणतात. वस्तू ओळखली गेली नाही, एवढ्यापुरतीच नोंद असते. ती परग्रहावरून आली का, हा त्यापुढचा प्रश्न. पण वाद घालणारे बहुधा पहिला टप्पा गाळून थेट तिथेच पोचतात.

२४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नल्ड या वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू ओळीने जाताना दिसल्या. रेनियर ते ॲडम्स या शिखरांमधले सुमारे ४७ मैलांचे अंतर त्यांनी १०२ सेकंदांत कापले, असे त्याने घड्याळ लावून मोजले. वेग निघतो ताशी १,६०० मैलांहून जास्त. गणित चोख आहे. मात्र वस्तू आपल्यापासून वीस-पंचवीस मैलांवर होत्या, हा त्याचा अंदाज त्यात धरलेला आहे. त्या बऱ्याच जवळून गेल्या असतील, तर वेग त्याच प्रमाणात उतरतो.

अशा नोंदींची खरी अडचण ही अंतराचीच आहे. डोळ्याला किंवा एकट्या कॅमेऱ्याला फक्त कोन कळतो. १° रुंद दिसणारी वस्तू १०० मीटरवर असेल तर पावणेदोन मीटरची असते आणि १० किमीवर असेल तर पावणेदोनशे मीटरची. अंतर माहीत नसेल तर आकार सांगता येत नाही, वेगही नाही. ‘डोळ्यांदेखत काटकोनात वळली’ हे विधानही मग फारसे उपयोगाचे राहत नाही.

अंतर मिळाले की काय होते, हे अमेरिकी नौदलाच्या ‘गोफास्ट’ चित्रफितीत दिसते. २०१५ साली लढाऊ विमानाच्या अवरक्त कॅमेऱ्याने टिपलेला एक ठिपका समुद्रालगत भन्नाट वेगाने धावताना वाटतो. पडद्यावरचे आकडे वाचले की चित्र पालटते. विमान २५,००० फुटांवर, कॅमेरा क्षितिजाच्या २६° खाली, वस्तू ४.४ सागरी मैलांवर. ४.४ ला २६° च्या ज्येने (साइन, ०.४४) गुणले की सुमारे १.९ सागरी मैल, म्हणजे ११,७०० फूट येतात. वस्तू विमानाच्या तेवढी खाली, म्हणजे समुद्रापासून १३,००० फुटांच्या आसपास. नासाच्या अभ्यासगटाने २०२३ मध्ये हीच उंची काढली आणि सरासरी वेग ताशी ४० मैल धरला. त्या उंचीवर वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या वस्तूलाही एवढा वेग मिळू शकतो. मागे धावतो तो समुद्र, आणि तो धावतो विमानाच्या स्वतःच्या गतीमुळे. याला लंबन म्हणतात.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण २ एप्रिल २०२२ चे. गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून पेटते तुकडे एका रांगेत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. तो चिनी रॉकेटचा वापरून झालेला टप्पा असल्याचे अभ्यासकांनी कक्षेच्या नोंदींवरून सांगितले. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किमी वेगाने येते आणि बहुधा दोन-चार सेकंदांत विझते. कक्षेतून उतरणारा भंगार माल सेकंदाला आठ किमीच्या आत-बाहेर, जवळजवळ आडवा येतो, त्यामुळे त्याचे तुकडे मिनिटभरही दिसतात. हैदराबादच्या केंद्रातून सुटणारे संशोधनाचे फुगे ३०–४० किमी उंच जातात; खाली अंधार पडला तरी त्यांच्यावर ऊन असते. एरवीचे नेहमीचे गुन्हेगार म्हणजे शुक्र, स्टारलिंक उपग्रहांची माळ, ड्रोन आणि हवेत सोडलेले आकाशकंदील.

नोंद घेताना वेळ मिनिटापर्यंत लिहावी, दिशा आणि उंचीचा कोनही. हात ताठ केल्यावर मूठ साधारण १० अंश झाकते, करंगळी एक अंश. चित्रण करताना चौकटीत विजेचा खांब किंवा गच्चीचा कठडा ठेवावा. नुसत्या काळ्या आकाशातल्या ठिपक्याची हालचाल वस्तूची की हाताची, हे नंतर कळत नाही. फोकस दूरच्या दिव्यावर कुलूपबंद करावा. तो सुटला तर बिंदूची तबकडी होते, आणि कॅमेऱ्याच्या झडपेला तीन पाती असतील तर त्रिकोण. मूळ फाइल जपावी. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीतून वेळ-ठिकाणाची माहिती गळते. चार-पाच किमीवरच्या दुसऱ्या कोणी त्याच क्षणी टिपले असेल तर दोन कोनांवरून अंतर काढता येते. अशी जोडी हाती लागणे विरळाच.

परग्रहवासीयांच्या हेतूंविषयीचे तर्क याच पोकळीत वाढतात. १९७३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन बॉल यांनी ‘प्राणिसंग्रहालय’ कल्पना मांडली : ते आहेत, पण मुद्दाम हात न लावता पाहतात. तिला खोडणारा पुरावा सुचवता येत नाही, हेच तिचे दुबळेपण. अण्वस्त्रांवर त्यांचा डोळा आहे, हा दुसरा लोकप्रिय तर्क. अशा तळांवर पहारेकरी, रडार आणि कॅमेरे दाट असतात, तेव्हा नोंदीही तिथे दाट होणारच. शिवाय प्रवासाचा हिशेब आहेच. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षे दूर. व्हॉयेजर-१ या अवकाशयानाच्या सेकंदाला १७ किमी वेगाने तिथवर सुमारे ७५,००० वर्षे लागतील.

‘सरकार लपवते’ हा आरोप निराधार म्हणता येत नाही. १९४७ मध्ये न्यू मेक्सिको राज्यात रॉसवेलजवळ सापडलेले आणि उडत्या तबकडीचे म्हणून गाजलेले अवशेष सोव्हिएत अणुचाचण्या टिपण्यासाठीच्या ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पातल्या फुग्याचे, हे अमेरिकी हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितले. गुप्तता खरी होती, गुपित निराळे होते. अशा नोंदी तपासणाऱ्या हवाई दलाच्या, १९६९ मध्ये बंद झालेल्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पात १२,६१८ नोंदी आहेत. त्यांतल्या ७०१ अनिर्णित राहिल्या. २०२१ च्या अमेरिकी गुप्तचर अहवालात १४४ नोंदींपैकी एकच उलगडली, तीही हवा गेलेला फुगा म्हणून. सरकारकडे परक्या यानांचे अवशेष आहेत, ही माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रश यांनी जुलै २०२३ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितलेली माहिती इतरांकडून ऐकलेली होती. परग्रही तंत्रज्ञानाचा पुरावा नाही, असे यूएपींची छाननी करणाऱ्या अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आरो’ कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये लिहिले. चित्रफिती रोखल्या जातात त्या बहुधा कॅमेऱ्याची ताकद शत्रूला कळू नये म्हणून. ठिपका काय आहे हा मुद्दा त्यात गौण असतो.

फ्रान्सची रीत वेगळी. तिथल्या अवकाश संस्थेचा गेपान हा विभाग छाननी झालेली प्रकरणे नावे वगळून प्रसिद्ध करतो आणि त्यांना चार वर्ग देतो : ‘ए’ म्हणजे उलगडलेली, ‘बी’ म्हणजे बहुधा उलगडलेली, ‘सी’ म्हणजे माहिती अपुरी आणि ‘डी’ म्हणजे माहिती पुरेशी असूनही न उलगडलेली. अमेरिकी आकड्यांत ‘सी’ आणि ‘डी’ अनेकदा एकाच पोत्यात भरलेले असतात.